तुफानला हळू काम जमत नसे

तुफान,

युनियनच्या हल्लीच्या मंडळींनी माझ्याकडे लेख मागितला आहे. संघटनेला चाळीस वर्षं झाली म्हणून पुस्तक काढतायत. मला म्हणाले, "बाई, तुम्ही बॉयलरमामांवर लिहा, ते पहिले अध्यक्ष." मी म्हटलं, मामांवर लिहायला दहा जण आहेत, फोटोही त्यांचाच छापणार आहात. मी तुफानवर लिहीन. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुफान कोण?"

म्हणजे बघ, तुझी काय किंमत आहे ती. मला असा राग आला की म्हटलं, आता लेख नाहीच, सरळ तुलाच पत्र लिहिते आणि तेच छापायला देते. तुझी मुलगी तुला वाचून दाखवेल. मधे मधे "खोटं आहे, खोटं आहे" करू नकोस, तिला वाचू दे. खोटं काही लिहिलेलं नाही. माझ्याकडून एखादी गोष्ट विसरली गेली असेल, ते वेगळं.

तुला ठाऊक आहे तेही इथे सांगावं लागणार, कारण वाचणाऱ्यांनी धुलाईखाना आतून पाहिलेला नाही. इस्पितळात माणूस जातो, खाटेवर पांढरी चादर बघतो आणि ती आकाशातून पडली असं समजतो. ती तळघरातून येते. पहिल्या खोलीत मळक्या कपड्यांचे ढीग, दुसरीत धुण्याची यंत्रं, तिसरीत बॉयलर आणि इस्त्रीचे रूळ, आणि सगळ्यात शेवटी लांबच लांब टेबलांची खोली, तिथे तुम्ही चौदा बायका उभ्या राहून घड्या घालायच्यात. उभ्या राहून म्हणजे आठही तास. बसायला स्टूल मागितलं तेव्हा मॅनेजर म्हणाला होता की बसल्यावर बायका गप्पा मारतात. जसं काही उभ्या बायका मुक्या असतात.

मी बाहेरच्या खिडकीत हजेरी मांडायची. मी कॉलेजात शिकलेली एकटीच, म्हणून तुम्ही मला "बी.ए." म्हणायचात. "ओ बी.ए., माझी हजेरी लागली का?" पहिले सहा महिने मला ते टोचायचं. मग कळलं की तिथे नाव मिळालं म्हणजे माणूस आत आला. जिला नाव मिळत नाही ती टिकत नाही.

तुला आल्याच्या आठवड्यातच नाव मिळालं. नवरा शिडीवरून पडून घरी बसलेला, मुलगी चार वर्षांची, तू चौथी शिकलेली, आणि तुझी थोरली जाऊ आधीपासून टेबलावर. तिनेच तुला आणलं. मुकादम म्हणाला, "हिचे हात बघा, काड्या नुसत्या. ह्या हातांनी चादरी होणार?" तिसऱ्या दिवशी तो टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि तसाच गेला. चादरीची दोन टोकं चिमटीत, एक झटका, हवेतच मध्यावर दुमड, टेबलावर आपटली की फट् असा आवाज, मग हाताची कड फिरली की झालं. कोपऱ्याला कोपरा असा लागायचा की जणू कात्रीने कापलाय. जाऊ म्हणाली, "हे काय आणून ठेवलं मी, तुफान!" तेव्हापासून तू तुफान.

मी जेवणाच्या सुट्टीआधी मुद्दाम दारात येऊन तुझं काम बघायची. तुला वाटायचं मी उशिरा आलेल्यांना पकडायला येते. मी तुझे हात बघायला येत होते, आता सांगते.

त्या वेळी चारशे चादरींचा कोटा होता. दिवसाला चारशे झाल्या की पूर्ण रोज, कमी पडल्या तर त्या हिशेबाने कापणार. चारशे म्हणजे तासाला पन्नास. कंबरडं मोडायचं, पण व्हायच्या. मग एक दिवस मॅनेजरने जाहीर केलं की वरून माणूस येणार, घड्याळ लावून काम मोजणार आणि नवा कोटा ठरवणार. "शास्त्रीय पद्धतीने," असं म्हणाला. शास्त्रीय म्हटलं की मला लगेच संशय येतो.

युनियन जेमतेम सव्वा वर्षाची होती. बॉयलरमामांनी बॉयलरच्या खोलीतच सगळ्यांना बोलावलं. ते बॉयलर सांभाळायचे, बोलायचे थोडं, पण मोठ्याने, कारण निम्मे बहिरे झाले होते.

"ऐका गं सगळ्या! ज्या कोणाला मोजतील तिने तासाला पन्नासच्या वर जायचं नाही. एकसुद्धा नाही! समजलं?"

सगळ्यांत मोठ्याने "हो मामा" कोण म्हणालं असेल? तू.

मोजणीसाहेब आला. हे नावही तुम्हीच दिलंत. तरणाताठा, इस्त्रीचा शर्ट, हातात स्टॉपवॉच, पाटीला चिमटा लावून कागद. मॅनेजरने तुझ्याकडे बोट दाखवलं. बायकांना हायसं वाटलं, म्हटलं आपलीच आहे, शपथ घेतलेली. मोजणीसाहेबाने खुर्ची ओढली, तुझ्या टेबलाच्या टोकाला मांडली, बसला, आणि म्हणाला, "करा सुरू."

पहिल्या पाच चादरी तू ठरल्यासारख्या केल्यास. सहावीला मी दारातून पाहिलं, तुझे खांदे सैल झाले. सातवी हवेत उडाली. फट्. फट्. फट्. जाऊ खोकली. पुन्हा खोकली. शेवटी इतकी खोकायला लागली की मोजणीसाहेबाने मान वर करून तिला सांगितलं, "बाई, पाणी प्या." तुला काही ऐकू येत नव्हतं. अर्ध्या तासात पंचेचाळीस चादरी, एकाही घडीला बोट लावायला जागा नाही. साहेबाने घड्याळ दाबलं आणि म्हणाला, "वा!"

तू हसलीस.

पंचेचाळीस दुणे नव्वद, नव्वद गुणिले आठ सातशे वीस. त्यातून दहावा हिस्सा माणुसकीचा म्हणून सोडला, वरच्या आठ उदारपणे सोडल्या, आणि सोमवारी भिंतीवर कागद लागला: सहाशे चाळीस.

पहिल्या आठवड्यात सहाशे चाळीस कोणाच्या झाल्या? फक्त तुझ्या, तेही तीनच दिवस, आणि चौथ्या दिवशी तुला हातात तांब्या धरवेना. बाकीच्या पाचशेच्या आसपास. शनिवारी पाकिटं वाटली. मी खिडकीतून एकेक पाकीट देत होते आणि एकेक बाई ते उघडून मोजत होती आणि कमरेला खोचून जात होती. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. तुझ्या जाऊचा पाचवा हिस्सा गेला होता. ती पाकीट बघून एवढंच म्हणाली, "माझ्याच हाताने आणली मी हिला. कोणाला बोल लावू?"

तुमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत. सकाळी निघताना ती तुझ्या दारावर टिचकी मारायची, ती बंद झाली. नळावर तू आलीस की बायका बादल्या उचलायच्या. टेबलावर तुझ्या शेजारी जागा रिकामी राहायला लागली, आणि तुझी मुलगी जाऊच्या मुलींत खेळायला गेली तर तिला म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, आमची पण चादर घाल." लहान पोरांच्या तोंडात हे येतं तेव्हा घरात रात्रंदिवस तेच बोललं जात असतं.

मंगळवारी तू माझ्या खिडकीशी आलीस. मीही काही संत नाही. मी तुला झाडलंच.

"अगं शहाणे, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ना? अर्धा तास, फक्त अर्धा तास हात आवरता आला नाही तुला? कोणासाठी केलंस? त्याच्या 'वा'साठी?"

तोवर तू मला "तुम्ही" म्हणायचीस. त्या दिवशी खिडकीच्या गजांना धरून तू म्हणालीस, "तुला नाही कळायचं, बी.ए. तुला लहानपणापासून कोणीतरी मार्क देत आलंय. मी एवढी वर्षं भांडी घासली, माती वाहिली, म्हातारी सासू उचलून धुतली, कोणी बघितलं? आयुष्यात पहिल्यांदा एक माणूस माझं काम बघायला खुर्ची घेऊन बसला होता. त्याच्यासमोर मी वाईट काम करून दाखवू?"

मी म्हटलं, "जा, हजेरी लागली आहे तुझी," आणि खिडकी लावून घेतली. आत बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. मुलीला सांग, हे दोनदा वाच.

दुपारी बॉयलरमामांकडे बैठक. संप करायचा का? कोणी तयार होईना. वर ऑपरेशनं चालू असताना चादरी अडवायच्या? जाऊ म्हणाली, "माझी सून तिसऱ्या मजल्यावर बाळंत व्हायची आहे, तिला काय वर्तमानपत्रावर निजवू?" मामा म्हणाले पुन्हा मोजणी मागू. मी अर्ज लिहिला, पूर्ण पाळीची मोजणी मागितली, कारण अर्ध्या तासात तर मीसुद्धा धावू शकते. मॅनेजरने अर्ज वाचला आणि लगेच कबूल झाला. एकच अट घातली: "तीच बाई बसणार."

बायकांनी कपाळाला हात लावला. जाऊ म्हणाली, "आता हजारचा कोटा लागणार. चला, आपापली दुसरी कामं शोधा."

म्हणजे आता सगळं तुझ्या दोन हातांवर आलं. चौदा घरांचा रोज, आणि तुझं त्या टेबलावर, त्या चाळीत पुन्हा माणसात येणं. दोनच दिवस होते. मी तुला माझ्या खोलीवर बोलावलं आणि माझी चादर तुझ्या हातात दिली. म्हटलं, "हळू घाल."

तू घातलीस. मी घड्याळ पाहिलं. चाळीस सेकंद.

"हळू म्हटलं ना!"

"हळूच घातली की."

दुसरी घातलीस. अठ्ठेचाळीस सेकंद, आणि कोपरा तिरका गेला. ते बघून तुझं तोंड असं झालं की जणू तुझ्या हातून कोणाचं तरी मूल पडलंय. ती घडी तू मोडलीस आणि परत चाळीस सेकंदांत घातलीस. आठ वेळा केलं. शेवटी तू माझ्या पलंगावर बसलीस आणि म्हणालीस, "बी.ए., मला मुद्दाम वाईट करता येत नाही गं. हात खोटं बोलत नाहीत माझे. दुसऱ्या कोणाला तरी बसव."

मी खूप चिडले होते, तुझ्यावर, मॅनेजरवर, त्या चादरीवर. आणि चिडले की मी कपाट आवरते. कपाटात ऑफिसच्या जुन्या कागदांच्या नकला होत्या. त्यात तो कागद निघाला: "धुतलेल्या कापडाच्या तपासणीचे नियम." अकरा नियम. खाली मॅनेजरची सही. टाइप कोणी केलेला? मीच. सात वर्षांपूर्वी स्वतः टाइप केला, भिंतीवर लावला, त्यावर कोट टांगायची खुंटी आली, आणि मीही विसरले. बी.ए. झालेली बाई!

मी मोठ्याने वाचायला लागले. प्रत्येक चादर पूर्ण उघडून उजेडात धरावी. दोन्ही बाजू तपासाव्या. काठाची शिवण बोटाने चाचपावी. फाटकी शिवणकामाच्या गठ्ठ्यात, डागाची परत धुण्यात. सुई, पातं, काच काही सापडल्यास पत्र्याच्या डब्यात टाकून वहीत नोंद करावी. त्यानंतर हात धुवावेत.

तू ऐकता ऐकता उठून उभी राहिलीस. "हे सगळं करायचं असतं?"

"असतं."

"मग एवढी वर्षं आपण अर्धंच काम करतोय?"

"अर्ध्याहून कमी."

तू फणकारलीस. "आणि मला कोणी सांगितलं नाही? फाटकी चादर माझ्या घडीतून वर गेली असेल? कोणाच्या अंगाखाली?" त्या क्षणी मला कळलं की आता मला काही शिकवायचं राहिलं नाही. उलट तूच मला बजावलंस, "परत वाच. सावकाश वाच. मला पाठ करायचंय."

गुरुवारी सकाळी सातला मोजणीसाहेब खुर्ची घेऊन बसला. मी हजेरीची वही घेऊन दारात, मामा बॉयलर सोडून माझ्या मागे. तू पहिली चादर उचललीस. झटका नाही. दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडात धरलीस, वरून खाली बघितलीस, उलटी केलीस, काठ बोटांतून सरकवलास, आणि मग घडी घातलीस, ती मात्र नेहमीच्याच वेगाने. फट्. पुढची. तिला नखाएवढं भोक. बाजूला. पुढची. पिवळा डाग. परत धुण्यात, आणि तू नळावर हात धुवायला गेलीस. साहेबाचं घड्याळ टिकटिकत राहिलं.

पहिल्या तासात एकोणचाळीस. साहेब अस्वस्थ झाला.

"बाई, मागच्या वेळी तुम्ही किती भरभर करत होतात."

"मागच्या वेळी तुम्ही नुसत्या घड्या मोजल्यात. आज पूर्ण काम आहे. तो खुंटीखालचा कागद बघा, तुमच्या मॅनेजरसाहेबांची सही आहे."

त्याने कागद वाचला. शिकलेला होता बिचारा, नियम दिसला की त्याला तो पाळावासा वाटायचा. दहाच्या सुमारास एका चादरीच्या काठात तुझं बोट थांबलं. टाके घालायची वाकडी सुई, शिवणीत अडकलेली. तू ती हातावर घेऊन त्याच्यापुढे धरलीस. तो खुर्चीवरून उठला. "ही अशीच वर गेली असती?" त्याने विचारलं. जाऊ पलीकडच्या टेबलावरून म्हणाली, "सहाशे चाळीसच्या घाईत गेलीच असती की हो." दुपारनंतर तर वहीत नोंदी तोच लिहीत होता, तुझं अक्षर त्याला लागेना म्हणून.

तीनला पाळी संपली. तीनशे बारा. तू एक क्षण हात थांबवला नव्हतास. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, आणि चेहऱ्यावर असं तेज की विचारू नकोस. बायका गोळा झाल्या. जाऊच पुढे होऊन म्हणाली, "बघा बाई, काठातली सुई दिसते हिला. घरी दोरा ओवायला मात्र दर वेळी मला हाक मारते." तू म्हणालीस, "हाक मारीन नाही तर काय करीन, भिंतीपलीकडेच तर मेलीयेस." आणि दोघी नळाकडे निघून गेलात, एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात.

मॅनेजर आठवडाभर ओरडला. मग पंधरा दिवस वाटाघाटी. आम्ही तीनशे मागितले, तो चारशेच्या खाली येईना, शेवटी तीनशे साठवर मिटलं. स्टुलं नाहीच मिळाली. मामांनी भाषण केलं, त्यात तुझं नाव घ्यायला विसरले. पुस्तकात तो तीनशे साठचा करार मामांच्या नावावर छापला जाणार आहे, म्हणून मी हे एवढं लांबण लावलंय.

पुढची वर्षं तुझी तुलाच पाठ आहेत. नवरा गेला, मुलगी नर्स झाली, तू साठीला निवृत्त झालीस, मी त्याआधी दोन वर्षं. त्यानंतर दर गुरुवारी तू माझ्याकडे यायचीस, चहा व्हायच्या आत माझं कपाट उघडायचीस आणि सगळ्या घड्या मोडून परत घालायचीस. "शिकलेल्या बायकांच्या घड्या अशाच," म्हणायचीस. मी खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम वाईट घालून ठेवायची.

आणि मग मागच्या वर्षी जाऊच्या धाकट्या नातीने ती लागली होती त्या नव्या कामावरची बातमी आणली. शहराबाहेर नवा धुलाई कारखाना निघालाय, पाच इस्पितळांचे कपडे एका जागी, टेबलांवर वीस-बावीस वर्षांच्या पोरी, सगळ्या ठेक्यावर. शुक्रवारी त्यांची मोजणी. आता घड्याळवाला येत नाही, वर कॅमेरा लावतात. नातीच्या शेजारच्या टेबलावरची एक पोरगी म्हणे फार चपळ आहे, सगळे तिलाच उभं करणार आहेत, आणि ती नवा ड्रेस घालून जाणार आहे.

तू माझ्याकडे बघितलंस. "बी.ए., गुरुवारी जायचं. सुटायच्या वेळी गेटवर उभं राहू. फार काही बोलायचं नाही. नातीचं ती ऐकायची नाही, आपणच तिला एवढंच सांगू, तपासणीचा कागद माग, आणि त्याप्रमाणे कर."

मी म्हटलं, जाऊया. बसचे दोन बदल बघून ठेवले.

गुरुवारी तू अडीचला आलीस, चांगली साडी, पायात बूट, पिशवीत पाण्याची बाटली. मी म्हटलं, "अगं, नळवाला यायचाय. तीन आठवडे झाले त्याला मिनतवारी करतेय, आज गेले तर परत महिनाभर नाही. उद्या सकाळी लवकर निघू, पोरी आत शिरायच्या आधी पोचू." आपल्या गुडघ्याकडे बघून तू म्हणालीस, "सकाळच्या बसला फार गर्दी असते गं." मग म्हणालीस, "बरं, उद्या." आणि बूट काढलेस.

नळवाला आला नाही. सकाळी तुझा फोन, गुडघा उचलत नाही. मी एकटी जाऊ शकले असते. सातची बस माझ्या दारावरून जाते. मी गॅलरीत उभी होते, ती गेलेली मी पाहिली, आणि आत येऊन नळाखालची बादली बदलली.